बाबांचं एक लिटर पाणी

मे महिन्यात यवतमाळात माणूस दिवसभर पाणी पाणी करतो. आमच्या बाबांना डॉक्टरांनी नेमकं तेव्हाच पाणी मोजून दिलं. किडन्या थकल्यात, दिवसाला एक लिटर, वर थेंबही नाही.

मी शाळेत गणित शिकवते. टाकी साठ टक्के भरली तर किती लिटर कमी पडले, असली उदाहरणं फळ्यावर सोडवताना माझा रुबाब पाहण्यासारखा असतो. म्हणून हिशेब माझ्याकडे आला. बाटलीवर खुणा केल्या. लिटर म्हणजे शंभर टक्के. चहाचा कप बारा, गोळ्यांसोबतचे घोट पाच. दुपारचं ऊन चढेपर्यंत निम्म्याहून जास्त बाटली संपलेली असायची. मी कूलरमध्ये बादली ओतायचे आणि बाबा त्या बादलीकडे बघत राहायचे. मला तिथे उभं राहवत नसे.

एवढं मोजूनमापून पाय सुजलेच. माझं गणित कुठे चुकतंय ते कळेना. रविवारी त्यांच्या शेजारी जेवायला बसले तेव्हा कळलं. ताटात वाटीभर कढी, पातळ वरण, बाजूला पन्हं. मी आईकडे पाहिलं.

"कढी काय पाणी असते काय? ते तं जेवण हाये," ती म्हणाली.

आमच्याकडे माठातून येतं तेच पाणी, बाकी सगळं जेवण. मी चिडले, पण राग काढणार कोणावर? पाणी तोडलेल्या नवऱ्याला ती निदान पोटभर जेवू घालत होती.

डॉक्टरांनी बाबांसमोरच आणखी पंचवीस टक्के कमी करायला सांगितलं, तेही कढी-वरण धरून. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, आता किती? त्यांचे ओठ फुटले होते. खरा आकडा सांगायला माझी जीभ रेटेना.

"आठशे मिली," मी म्हणाले, आणि लगेच बाटली भरून त्यांच्यापुढे ठेवली.

बाबांची सगळी नोकरी कचेरीत आकडेमोड करण्यात गेली. टक्केवारी मला त्यांनीच शिकवली. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत होते, रागानं नाही.

"हजारातून अडीचशे गेले तं आठशे राह्यते काय? शाळेत पोरायले असंच शिकवून राह्यली काय?"

त्यांनी बाटली उचलून माझ्या हातात दिली.

"पन्नास काढून घे."

मी त्यांच्यासमोर काढून घेतले.