पाणवठ्यावरची रांगोळी

लातूरहून निघताना शेजारच्या बाईंनी विचारलं, "खोपोलीकडे पाहण्यासारखं काय आहे हो?" मी म्हटलं, "माझी बहीण." त्यांना ती चेष्टा वाटली. चेष्टा नव्हती, हे मलाही तिथे जाऊन आल्यावरच नीट कळलं.

पुण्याला गाडी बदलली, घाट उतरला आणि एसटीनं मला शिळफाट्याला सोडलं. थंडी सरत आली होती, तरी लातूरच्या माणसाला तिथली हवा ओलसरच वाटते. रिक्षावाल्या चाचांना मी गावाचं नाव सांगितलं.

"कुनाकडं जायचं मावशी?"

"मंगलकडे. माझी धाकटी बहीण."

"ती पानवठ्यावाली? मग आधी सांगायचं ना. बसा."

बहिणीच्या नावावर रिक्षात मानानं बसायला मिळालं, याचं मला कौतुक वाटत राहिलं. रस्ताभर फार्महाऊसच्या प्लॉटचे बोर्ड होते. प्रत्येक बोर्डावर एक धबधबा, एक हसरं कुटुंब आणि एक ठिपक्यांचं हरीण. ते हरीण कुठल्या जंगलातून आणलं होतं, देव जाणे.

मंगलचे यजमान मोहोपाड्याला कंपनीत कामाला, ते पाळीवर गेले होते. घरात ती एकटीच होती. तिनं पाट मांडला आणि तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) आणि सुकट वाढली. लग्नाआधी सुकटीच्या नुसत्या वासानं नाकाला पदर लावणारी ही मुलगी आता बोटं चाटत होती. जेवताजेवता तिनं सगळं सांगितलं.

गावामागच्या डोंगराच्या पायथ्याशी एक पाणवठा आहे, उन्हाळ्यातही न आटणारा. भेकर, रानडुक्कर आणि कधीमधी बिबट्या तिथे पाणी पितात आणि ओढ्याच्या काठानं नदीकडे उतरतात. आता तिथे प्लॉट पडणार होते आणि कुंपणाची भिंत पाणवठ्याला आत घेणार होती. प्लॉटवाल्यांनी परवानगीसाठी दिलेल्या अहवालात म्हटलं होतं, की या जागेत वन्यप्राण्यांचा वावर नाही. मंगलनं सुनावणीत उभं राहून हरकत घेतली. मोबाइलमधले पायांच्या ठशांचे फोटो दाखवले. 'फोटो कुठलाही असू शकतो,' असं तिला ऐकवण्यात आलं. पण तिच्या हरकतीमुळे तपासणीची समिती स्वतः जागा बघायला येणार होती, आणि तीही दुसऱ्याच दिवशी.

"भिंत झाली तर जनावरं जातील कुठं, अक्का? आमच्या आळीतनं नदीवर उतरतील. आळीत पोरं हायेत, शेरडं हायेत. एक दिस मानूस मरंल, नायतर बिबट्या मरंल. मला दोनी नको."

सकाळी ती मला पाणवठ्यावर घेऊन गेली. उंबराच्या दाट सावलीत लहानसं डबकं, भोवती चिखल आणि चिखलात सगळीकडे खुरांचे, पंजांचे ठसे. मी हौसेनं बघत होते. मंगल मात्र कपाळाला आठ्या घालून उभी.

"साहेबलोकांचे बूट भरतील गं. पाव्हनं घसरून पडलं तर गावाची लाज जाईल."

झालं. तिनं आळीतल्या बायकांना हाक मारली. वाट झाडली, चिखलावर लाल माती टाकून ती चोपली, शेणानं सारवली. मीही मागे कशी राहणार? पदर खोचला आणि मधोमध रांगोळीनं पिसारा फुलवलेला मोर काढला. जागा अशी देखणी झाली, की आम्ही सगळ्या कमरेवर हात ठेवून बघत राहिलो. आपण काय पुसून टाकलं, हे एकीच्याही ध्यानात आलं नाही.

दुपारी समिती आली. प्रमुख म्हणून एक मध्यमवयीन बाई होत्या, सोबत दोन सहकारी आणि प्लॉटवाल्यांचा माणूस. रांगोळीवर पाय कोण देणार? सगळे कडेकडेनं दगडांवर उभे राहिले.

"ठसे कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

मंगलनं खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. "इथंच व्हते," ती म्हणाली, "आमी सारवलं."

प्लॉटवाल्यांचा माणूस खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. "मोर छान आहे," एवढंच म्हणाल्या. चहासुद्धा घेतला नाही. तपासणीला आलेलं असताना कुणाकडचं घेत नाही म्हणाल्या, आणि ते मला आवडलं. खालचा ओढा सकाळी बघायचा होता, म्हणून त्या खोपोलीत मुक्कामाला गेल्या. मंगल त्या संध्याकाळी जेवली नाही. मी समजूत घालायला गेले तर म्हणाली, "जनावरांची साक्ष माज्या हातानं पुसली मी."

सकाळी पाणी आणायला म्हणून ती एकटीच वर गेली आणि लगेच तिची हाक आली. मी धावत वर गेले तर म्हणाली, "अक्का, तिथंच थांब. पाय पुढं टाकू नको."

सावलीतली चोपलेली माती ओलीच राहिली होती. तिच्यावर भेकराचे नाजूक खूर उमटले होते, डुकरांची अख्खी रांग होती, आणि माझ्या मोराच्या मानेवरून, पिसाऱ्यावरून थेट पाण्यापर्यंत बिबट्याचे पंजे गेले होते. चिखलात असे रेखीव ठसे कधीच उमटले नसते. माझी रांगोळी कुणी विस्कटली की मला राग येतो. त्या दिवशी मी धन्य झाले.

ओढ्याकडे निघालेल्या बाईंना मंगलनं वाटेतच गाठून आणलं. त्या गुडघ्यांवर बसल्या, ठशांशेजारी पट्टी ठेवून फोटो काढले, एका पंजात प्लास्टर ओतून साचा घेतला.

"कालच सारवलं, म्हणजे हे यांनी मुद्दाम केलंय," प्लॉटवाल्यांचा माणूस म्हणाला.

"सारवलं यांनीच," बाई साचा उचलत म्हणाल्या. "चाललीत मात्र जनावरं. अहवालातलं ते वाक्य आता राहणार नाही."

मंगल दोन्ही हातांनी पदर तोंडाला लावून उभी होती. माझा ऊर असा भरून आला, की त्या बाईंना मी न विचारता सांगून टाकलं, "माझी सख्खी बहीण आहे ही."

परतताना तेच बोर्ड, तेच ठिपक्यांचं हरीण दिसलं. खरं भेकर त्याच्या मागेच डोंगरात होतं, आणि त्याच्या बाजूनं उभी राहणारी बाई माझ्या आईच्या पोटची होती, हे मनात घोळवत मी घाट चढले.

काही आठवड्यांनी फोन आला. भिंत मागे सरकवायची आणि डोंगरापासून नदीपर्यंतचा पट्टा मोकळा सोडायचा, असं ठरलं होतं. मंगल आता दर अमावास्येला पाणवठा सारवते. कुणी पुन्हा 'इथं काय नाय' म्हणायला नको म्हणून.

शेजारच्या बाईंना मी सांगून ठेवलंय, खोपोलीकडे गेलात तर माझी बहीण बघून या. पाणवठ्यावर मात्र कडेकडेनं उभ्या राहा. तिथे सारवलेलं असतं.