झाकलेल्या प्लेटवरचा तेजोमेघ

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. शाळेत विज्ञान शिकवतो, पोरांना पुरावा मागायला शिकवतो. म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षं गिळून बसलो होतो... आता सांगून टाकतो.

निजामाचं राज्य होतं, दुसरं महायुद्ध चालू होतं. येरमाळ्यात शंकरआप्पांचं कापडाचं दुकान. दिवसा हातात गज, अवसेच्या रात्री दुर्बीण! तिचा आरसा त्यांनी स्वतः घासलेला. नाद एकच – नुसत्या डोळ्याला न दिसणारे धुरकट तेजोमेघ फोटोत पकडायचे. मी तेव्हा विशीतला, त्यांचा जोडीदार.

लढाईमुळं हैदराबादेतही फोटोच्या काचेच्या प्लेटा मिळेनात. शेवटची एकच उरली. ती घेऊन पौषातल्या थंडीत आम्ही माळावर गेलो. दुर्बिणीच्या नळीवर कॅमेरा बांधलेला. आप्पा दुर्बिणीत एक तारा धरणार आणि आकाश सरकेल तसा हातानं स्क्रू फिरवत राहणार. माझं काम एवढंच – प्लेटपुढचं पत्र्याचं झाकण ओढायचं, शेवटी परत लावायचं.

"वढ रं झाकण!"

मी हात पुढं केला, तेवढ्यात मृग नक्षत्रातून एक हिरवट उल्का सर्रकन गेली. बघतच राहिलो.

"वढलं का न्हाय?"

"ओढलं, आप्पा."

मध्यरात्र उलटल्यावर आप्पा म्हणाले, "लाव." चाचपलं तर झाकण जागेवरच! मी ते ओढलंच नव्हतं. आप्पा आखडलेल्या बोटांवर फुंकर घालत होते... माझ्यानं बोलवेना. म्हटलं, "लावलं."

खरं बोललो असतो तर कोरी प्लेट वाचली असती. आता ती फोटो धुवायच्या औषधात पडणार, वाया जाणार. दुकानामागच्या खोलीत लाल कंदिलापाशी आप्पांनी ती बुडवली तेव्हा कसंबसं तोंड उघडलं –

"आप्पा, माझं एक चुकलं..."

"गप रं! आलं! आलं बघ!"

काचेवर तारे उमटत होते! टाचणीच्या टोकाएवढे, निगेटिव्हवर दिसतात तसे काळे ठिपके, आणि मधे काचेवर वाफ धरावी तसा तेजोमेघ – आमच्या एकाही नकाशात नसलेला! कोपऱ्यात तिरपी रेघ... तीच उल्का. मी 'ओढलं' म्हणण्याआधी पडलेली!

आप्पांनी मला उचलून गरगर फिरवलं. पुढं येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "ह्यो नसता तर फोटू नसता." ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन सगळं बोललो. आप्पा एकदम सरसावून बसले.

"त्या राती खरं बोलला असतास तर म्या काय केलं असतं?"

"मारलं असतं मला."

"ते तर व्हयच! आन् प्लेट कोरी समजून दुसऱ्या राती परत वापरली असती, गाढवा. त्यो मेघ कुणालाच दिसला नसता!"

बंद झाकणातून उजेड आत कसा गेला, मला आजही सांगता येत नाही. आप्पांनाही नाही. पण त्यांनी मला नव्या प्लेटा आणायला सांगितल्यात... येत्या अवसेला झाकण बंद ठेवूनच फोटो काढायचा म्हणतात.