चाकाकडे तोंड केलेला कॅमेरा

मनोहर गेल्याची बातमी मला अकोल्याला माझ्या गॅरेजातच कळली. वरूडहून संत्री घेऊन आलेला एक ट्रकवाला रेडिएटरमध्ये पाणी ओतता ओतता म्हणाला, "रामभाऊ, ते तुमचे अमरावतीचे फोटोवाले गेले म्हणते. झोपीतच." खरं म्हणजे माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता त्या डब्याचं काय होईल? आठ वर्षं त्या फिल्मच्या डब्यावर माझा डोळा होता. लिहितानाही लाज वाटते, पण आलं ते हेच.

मनोहर मोटारींचे फोटो काढायचा आणि मोटार विकणाऱ्यांसाठी छोट्या फिल्मा करायचा. टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी त्या दाखवत. आणि हाच माणूस शर्यतीत गाडी अशी हाणायचा, की बघणाऱ्यानं देवाचं नाव घ्यावं. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमाराला तो एक जुनी गाडी शर्यतीसाठी तयार करून घ्यायला माझ्याकडे आला आणि दोस्तच झाला. स्वतः पळवून पाहिल्याशिवाय कुठल्याच गाडीचा फोटो काढायचा नाही, हा त्याचा नेम. दसऱ्याला झेंडूची माळ घालून गाडी आणणारे शेठ त्याच्या हाती किल्ली देताना दहादा विचार करत. मी एकदा विचारलं, "काहून रे, उभ्या गाडीचा फोटो निघत नाही काय?" तर म्हणाला, "निघते ना. पण तो पत्र्याचा निघते, गाडीचा नाही."

आठ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वलगावच्या अलीकडच्या माळावर शर्यत होती. मनोहरनं मडगार्डला लोखंडी पट्टी ठोकून कॅमेरा पुढच्या चाकाकडे तोंड करून बसवला होता. पळतं चाक त्याला फिल्मवर हवं होतं. तिसऱ्या फेरीला तेच चाक निखळलं आणि गाडी उलटली. मनोहरचा पाय दोन जागी मोडला, शर्यत कायमची सुटली. चाक मी बसवलेलं. लोक विचारू लागले तेव्हा मी सांगितलं, पट्टी ठोकताना त्यानंच माझ्यामागे चाक काढलं असणार. अकोल्यात सांगितलं, अमरावतीत सांगितलं, आणि सांगता सांगता माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. त्या फिल्मबद्दल विचारलं की मनोहर म्हणायचा, "तिच्यावर उजेड गेला. काहीच उमटलं नाही." मी मनात म्हणायचो, चोराच्या मनात चांदणं! पुढे तर फोटोला आलेल्या प्रत्येक गाडीभोवती तो लंगडत फिरून, पाना लावून चाकांचे नट तपासू लागला. माझ्यादेखत तपासायचा. हा मलाच टोमणा, असं मी धरून चाललो... आणि त्याच्याकडे जाणं कमी केलं.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात अमरावतीला गेलो. सांत्वनाला गेलो म्हणतो, पण नजर स्टुडिओतल्या कपाटावर होती. मनोहरच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, ती बरोबर हेरली.

"डबा पाह्यजे ना, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "तुमी आठ वर्सं काय सांगत फिरले, मले सारं ठाऊक हाय. ह्यायनं मले बजावलं होतं का रामभाऊले दाखवू नको. पण आता मी दाखवतो."

त्यांनीच खिडकी लावली, त्यांनीच यंत्रात फिल्म भरली. नवऱ्याच्या हाताखाली सगळं शिकलेल्या होत्या. भिंतीवर चाक दिसलं. शर्यतीआधी मनोहरनं कॅमेरा चालतो की नाही ते पाहिलं होतं, तेवढा तुकडा. चाकापाशी माझे हात होते. मी नट बोटांनी फिरवून बसवले, पाना उचलला, दोन नट आवळले. मग कुणीतरी नारळासाठी हाक मारली असावी. पाना खाली गेला. चाकापुढे नारळ फुटला, पाणी उडालं. माझे हात परत आले ते कुंकू घेऊन. उरलेल्या ढिल्या नटांना मी बोटानं कुंकू लावलं... आणि पान्याला शिवलोच नाही.

फिल्म संपली तरी मी भिंतीकडेच बघत होतो. "त्यानं सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"मी बी तेच म्हणत होती," वहिनी म्हणाल्या. "तं म्हणे, माहा पाय तं मोडलाच हाय. आता त्याचं गॅरेज कायले मोडाचं?"

मी रडलो. तीन आठवडे उशिरा, आणि खरं तर आठ वर्षं उशिरा.

डबा आता माझ्या गॅरेजात फळीवर आहे. त्यावर मनोहरच्या अक्षरात चिठ्ठी आहे, 'उजेड गेला. दाखवू नये.' विचारेल त्याला मी खरं काय ते सांगतो. दोन जुनी गिऱ्हाइकं त्यावरून तुटली, तेही बरोबरच झालं. परवा एक गृहस्थ नवी गाडी घेऊन पूजेला आले. ते नारळ उचलणार तोच मी त्यांना थांबवलं आणि पाना घेऊन चारही चाकांभोवती फिरलो, एकेक नट आवळून पाहिला. नारळ हातात धरून ते ताटकळले.

"काहून, रामभाऊ? कंपनीवर भरोसा नाही काय?"

"कंपनीवर हाय," मी म्हणालो. "माह्यावर नाही."