जाळीतली तिण्णै

२०२३ साली मी एकाहत्तरचा होतो आणि माझी बायको रोज संध्याकाळी मला सोडून शेजारच्या गल्लीत जायची. सोडून म्हणजे काय, कापी, म्हणजे तुमची कॉफी, करायची, माझा वाटीसारखा पितळी डबरा भरून माझ्यापुढे ठेवायची, आणि स्वतःची कापी मात्र तिकडे जाऊन प्यायची. माझा जीव जळायचा तो तिथे.

आमचं घर तंजावूरला, राजवाड्याच्या मागे. शाळा मी पाचवीत सोडली, तीही तमिळ. मराठी अक्षरं वडिलांनी जमिनीवर कोळशाने गिरवून घेतली तेवढीच. चूक निघाली तर निघो. धंदा वेल्डिंगचा. घरापुढे जो ओटा असतो त्याला आम्ही तिण्णै म्हणतो. पूर्वी तिथे कुणीही टेकायचं, तिरुवैयारूहून भाजी घेऊन येणाऱ्या बायका टोपली उतरवून पाणी मागायच्या. मग चोऱ्या वाढल्याची बोलवा आली आणि मी आमच्या तिण्णैला वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी ठोकली. मध्ये मोर काढला. तो बघून अख्ख्या गल्लीने माझ्याकडून जाळ्या करून घेतल्या. कुणाला कमळ, कुणाला हत्ती. आजही हलवून बघा, एक सांधा सुटलेला नाही.

शेजारच्या गल्लीने मात्र माझ्याकडून एक कांब घेतली नाही. तिथे कोपऱ्यावर एक रिटायर्ड बस-कंडक्टर राहतो, माझ्याच वयाचा. तो सगळ्यांना सांगत फिरला की तिण्णै बसायला असते, कोंडायला नव्हे. जाळ्यांऐवजी त्यांनी करंजाची झाडं लावली. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर बंद करायची आणि ढकलत आत न्यायची, असं ठरवलं. भाजीची सालं खड्ड्यात, खड्ड्यातलं खत झाडांना. मी म्हणायचो, चार दिवसांचं कौतुक. पण झाडं काही मेली नाहीत. उन्हाळ्यात आमच्याकडे चप्पल डांबराला चिकटायची आणि तिकडे भर दुपारी पोरं सावलीत गोट्या खेळायची. आमच्या दारापुढची गटारावरची फरशी फुटली होती. ज्यांचं काम त्यांनी करावं, म्हणून मी ती हट्टाने तशीच ठेवली होती. तिकडे कुठे फरशी फुटली तर दोन दिवसांत कुणीतरी नवी आणून टाकायचं. कोण टाकायचं तेही कळायचं नाही, याचा मला जास्त राग.

एक दिवस बायको कापी न करताच गेली. मी तिला आणायला निघालो. कंडक्टरच्या तिण्णैवर बायका शेवग्याचा पाला खुडत बसल्या होत्या, आणि त्यांच्यात ही, पाय खाली सोडून हसत होती. माझ्यापुढे असं कधी हसली होती ते मला आठवेना.

कंडक्टरने मला पाहिलं. म्हणाला, "अण्णा, दारात उभं राहू नका. आत सरका, जागा आहे."

मी म्हटलं, "उभाच बरा. घराला कुलूप लावलेलं नाही."

"कुलूप कशाला? मोर आहे ना राखणीला."

सगळे हसले. ही पण हसली. ते लागलं.

परतताना ती पुढे, मी मागे. दारापुढे फुटक्या गटारापाशी ती थांबली आणि तिने हात पुढे केला. मी धरून पलीकडे नेलं. मग म्हटलं, उद्यापासून जायचं नाही. आपली तिण्णै त्याच्यापेक्षा लांब आहे, पूर्वेचा वारा आहे, तिकडे असं काय आहे जे इथे नाही?

तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "तिथे मी एक दिवस गेले नाही तर दोघीजणी बघायला येतात. इथे जाळीच्या आत पडले तर कुणाला दिसणार? तुम्हाला लांबचं ऐकू येत नाही, आणि बाकीची गल्ली कुलपात."

"कुलूप आहे म्हणून तर सुखरूप आहोत."

"हो," ती म्हणाली, "कुणीसुद्धा येत नाही."

जाळी चुकीची होती असं मी अजूनही म्हणत नाही. काम चोख होतं. पण रोजची संध्याकाळ त्या कंडक्टरला द्यायची, हे मला सोसणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवळात गेल्यावर मी ग्राइंडर बाहेर काढला. कापायला मलाही घाम फुटला, इतकी ती जाळी पक्की. समोरच्याने आपल्या हत्तीआडूनच विचारलं, काय झालं? म्हटलं, गंज चढलाय. मोराचा तुकडा मी फुटक्या गटारावर आडवा टाकला, चारी कोपरे पक्के केले आणि वर चढून दोनदा उड्या मारून पाहिल्या. मग तिण्णै धुतली, दोन डबरे कापी केली आणि बाहेर बसलो. एक डबरा तिच्यासाठी झाकून ठेवला. दुसरा दिसेल असा हातात धरला, कारण त्या वेळेला कंडक्टर दूध आणायला आमच्याच गल्लीतून जातो.