निरोप माघारी म्हणणारे

उस्मानपुऱ्यातल्या हृदयाच्या दवाखान्यात आम्हा दोघांची तारीख बहुतेक एकच येते. ते दौलताबादकडचे मेंढपाळ, अक्षरओळख नाही. मी निवृत्त शिक्षक. डॉक्टर दोन पेशंट एकदम आत घेतात, म्हणून त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडतं.

रिपोर्ट ऐकला की आम्ही सगळे मान हलवून उठतो. ते उठत नाहीत. पटका सारखा करतात आणि ऐकलेलं सगळं डॉक्टरांना माघारी म्हणून दाखवतात. मला एकदा म्हणाले, "रानात निरोप असाच घेत्यात, गुरुजी. नायतर वाटंतच बदलतो."

या खेपेला ते म्हणत होते, "म्हंजी दर ठोक्याला शंभरातलं पस्तीस भाग रगत भाईर पडत व्हतं, आता पंचेचाळीस पडतंय. धडधाकट माणसाचंबी साठच्या आसपासच. पर गोळी सोडायची नाय. बराबर?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

मी ऐकतच राहिलो. माझ्या मागच्या रिपोर्टात हाच आकडा पंचावन्न टक्के होता. जन्मभर पेपर तपासलेले. मी ते मार्क समजलो आणि जवळजवळ निम्मं हृदय गेलं म्हणून महिनाभर जिना चढलो नव्हतो.

माझी पाळी आली तेव्हा मीही म्हणून दाखवलं. एका जागी चुकलो. डॉक्टरांनी सुधारलं, मी पुन्हा म्हटलं.

बाहेर ते थांबलेले. बाकावरची घोंगडी सरकवून म्हणाले, "हं, सांगा आता."

मी उभ्यानंच, हाताची घडी घालून, फाइल न उघडता सगळं सांगितलं.

"बराबर," ते म्हणाले.

निवृत्तीच्या सत्कारातही मला इतका अभिमान वाटला नव्हता.