पाठमोरी सत्यशीला

रुआबांधा वस्तीतल्या विहाराची मागची भिंत पाडायची ठरली, तेव्हा चंपतराव खोब्रागड्यांना विचारायला कोणी आलं नाही, सांगायला मात्र आले. सांगायला आला तो समितीचा सचिव धम्मपाल, तोही घाईत, उंबऱ्यातूनच. हॉल लहान पडतो, रविवारच्या वंदनेला अर्धी माणसं बाहेर चपलांजवळ बसतात, म्हणून भिंत बारा फूट मागे न्यायची. यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त त्या भिंतीवर चंपतरावांनी एकोणनव्वद साली काढलेलं चित्र होतं, आणि भिंत मागे नेता येते, भिंतीवरचं चित्र नेता येत नाही.

चित्रात सात बाया होत्या. वस्तीत पूर्वी वाचनालय नव्हतं, ते या सात जणींनी उभं केलं. रोज भात टाकताना प्रत्येक घरानं एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढायचा आणि रविवारी या बायांनी पांढऱ्या साड्या नेसून दारोदार जाऊन तो गोळा करायचा. त्या तांदळातून आधी पुस्तकं आली, मग पुस्तकांसाठी कपाट आलं. कपाट आलं त्याच वर्षी चंपतरावांनी भिंतीवर ते कपाट रंगवलं आणि त्याच्याभोवती सातही जणी उभ्या केल्या. सहा जणी समोर पाहणाऱ्या. सातवी पाठमोरी, खणात पुस्तक ठेवणारी. ती त्यांची बायको, सत्यशीला.

तिनंच तोंड रंगवू दिलं नव्हतं. "पेंटरनं आपलीच बायको विहाराच्या भिंतीवर चढवली म्हणतीन लोक," असं तिनं म्हटलं आणि विषय संपवला. चंपतरावांनी मग सगळा जीव तिच्या अंबाड्यात ओतला. तो अंबाडा इतका हुबेहूब उतरला, की लहानपणी त्यांची लेक संघमित्रा मैत्रिणींना बोट दाखवून सांगायची, तो आमच्या आईचा आहे.

धम्मपालचा बेत सोपा होता. जुन्या चित्राचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि त्याचं मोठं छापील पॅनल नव्या भिंतीला लावायचं. फोटो काढलाही. पण ओल भिंतीला चौतीस वर्षं खात होती, त्यामुळे चार जणींना नाक उरलं नव्हतं आणि दोघींची तोंडं पोपड्यांबरोबर गळून गेली होती. मग समितीत कोणीतरी सुचवलं, नेटवर पुस्तक वाचणाऱ्या बायांची चित्रं मिळतात, चांगलंसं एक उतरवून घेऊ. हे कानावर आलं आणि एरवी कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेले चंपतराव सरळ धम्मपालच्या घरी जाऊन उभे राहिले.

"नेटवरच्या बाया तुह्या मोहल्ल्यात तांदूळ मांगाले आल्या होत्या का?" त्यांनी विचारलं. धम्मपाल पोरगा वाईट नव्हता. तो म्हणाला, काका, मग तुम्हीच नवीन काढून द्या, पण संगणकावर काढून द्या, छापील पॅनलच हवं, भिंतीवर रंग नको, पोपडे सुटतात. चंपतराव हो म्हणून बसले आणि घरी येईपर्यंत त्यांचं त्यांनाच कळलं, की हे आपलं काम नव्हे.

कारण चंपतराव होते इनॅमलवाले, डबा आणि ब्रशवाले. कारखान्यात पस्तीस वर्षं पेंटर म्हणून काढली. हेल्मेट घाला, क्रेनखाली उभे राहू नका, घरी कोणीतरी वाट पाहत आहे, असं लिहिलेले, नाही म्हटलं तरी हजारभर बोर्ड त्यांच्या हातचे. सुतळी निळीत भिजवायची, दोन टोकांना ताणायची आणि टचकन सोडायची, की बोर्डावर सरळ रेघ उमटलीच. पट्टीची गरज त्यांना कधी पडली नाही. धोक्याचा लाल त्यांचा स्वतःचा होता. तयार डब्यातला लाल वर्षभरात फिका पडतो म्हणून ते त्यात चिमूटभर काळा घालत. संध्याकाळी सायकल दाराशी लागायच्या आधी टर्पेंटाइनचा वास घरात पोचायचा, आणि सत्यशीला आतून लेकीला म्हणायची, आले तुझे बाबा. तो वास पुढे पुढे तिला इतका सवयीचा झाला, की रिटायर झाल्यावर सहा महिने ती म्हणत होती, घरात कोणी नसल्यासारखं वाटते. आता ती जाऊनही चार वर्षं झाली होती आणि चंपतराव जवळच रिसालीला लेकीकडे राहत होते. ब्रश एका जुन्या बरणीत उभे होते. ब्रशांचे केस कडक होऊन गेले होते.

लेक, संघमित्रा, घरी बसून एका कंपनीसाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची, सगळी टॅबवर. बापाचाच हात तिच्यात उतरलेला, पण बापानं तिच्या कामाला आजवर कधी चित्र म्हटलं नव्हतं, 'तुझं ते काचेवरचं' म्हणायचे. तिनं ते मनात ठेवलं नाही. आपला जुना टॅब आणि पेन तिनं त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, ब्रशच समजा याले."

समजणं एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. पहिल्या दिवशी पेन काचेवरून असं घसरलं, की कपाटाचा कोपरा थेट खिडकीच्या दिशेनं निघाला. भिंत ब्रशला धरते, खडबडीत असते, थोडी ओढते. काच कशालाच धरत नाही. खांद्यावर फडकं टाकल्याशिवाय त्यांना बसता येईना. रंग बदलला की ते पेनाचं टोक फडक्याला पुसायचे. एकदा तर एक साडी रंगवून झाल्यावर त्यांनी वाळावी म्हणून टॅबवर फुंकर घातली, आणि आपल्याला कोणी पाहिलं का म्हणून मागे वळले. संघमित्रानं पाहिलं होतं. ती हसली नाही. स्वयंपाकघरात जाऊन मात्र पोटभर हसली, आणि मग उगाच तिला रडूही आलं.

पण हात तो हातच. आठवड्याभरात पेन ऐकू लागलं. कितीही वेळ बसा, रंग वाळत नाही, डबा सांडत नाही, गुडघे दुखत नाहीत, याचं त्यांना अप्रूप वाटायला लागलं, हे त्यांनी कबूल केलं नाही एवढंच. बारा दिवसांत सहा बाया उभ्या राहिल्या. कपाळावर गोंदण असलेली, पुढचे दात दिसू नयेत म्हणून ओठ आवळून उभी राहणारी, नवऱ्याचा रेल्वेचा कोट साडीवर घालणारी, सगळ्या आल्या. धम्मपालनं मोबाईलवर पाहिल्या आणि त्याला आपली आजी सापडली.

सातवी उरली.

यावेळी तिला समोर वळवायचं, हे त्यांनी हो म्हटलं त्याच क्षणी ठरवलं होतं. म्हणून तर हो म्हटलं होतं. लोक काय म्हणतील म्हणणारी आता नव्हती, आणि लोकांनी काही म्हटलंच असतं तर एवढंच, की उशीर केलात. घरात तिचा एकच फोटो होता, दवाखान्याच्या कार्डासाठी काढलेला, तोच मोठा करून लावलेला. त्यात तिनं श्वास रोखून धरला होता. ती बाई चंपतरावांच्या ओळखीची नव्हती. तेव्हा चेहरा मनातूनच काढायचा होता, आणि इथं घोडं अडलं.

रोज सकाळी चहा झाला की ते टेबलाशी बसायचे. तासभरात चेहरा तयार. मग ते मान मागे घेऊन पाहायचे, आणि ही ती नाही म्हणून मिटवायचे. मिटवायचे म्हणजे पुसायचे नाहीत. दोन बोटं टेकवली की मागची रेघ आपोआप परत जाते, हे लेकीनं त्यांना दहादा दाखवलं होतं. पण त्यांना ते पटायचं नाही. रंग परत जातो हेच त्यांना खोटं वाटायचं. बोर्डावर चूक झाली की अस्तराचा पांढरा घ्यायचा, वरून एक हात मारायचा आणि पुन्हा सुरुवात करायची, एवढंच पेंटरला ठाऊक. तसेच ते इथंही जाडा ब्रश निवडून सत्यशीलाच्या तोंडावरून पांढरा फिरवायचे आणि उद्याची वाट पाहायचे.

असे तीन आठवडे गेले. फाईल छपाईला द्यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, त्यांनी पेन खाली ठेवलं. संघमित्राला बोलावलं आणि म्हणाले, जशी होती तशी पाठमोरीच काढतो, लोकांना सवय आहे. तिनं कारण विचारलं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

"मले तिचा चेहरा आठवून नाई राहिला," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं घरात होती, अन् मले चेहरा नाई आठवत, मित्रा."

बायको गेली तेव्हा हा माणूस सगळ्यांसमोर रडला नव्हता. आता टेबलावरच्या फडक्यात तोंड खुपसून रडला. संघमित्रा पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग काहीतरी करायचं म्हणून तिनं टॅब जवळ ओढला, फाईल नीट साठवली का ते पाहावं म्हणून. आणि तेव्हा तिला आठवलं, की चित्र काढताना हे ॲप सगळं गुपचूप टिपून त्याचा व्हिडिओ करून ठेवतं. दोन बोटांनी परत घेतलेली रेघ त्यात राहत नाही. पण वरून रंग फासलेला असेल, तर खालचंही राहतं आणि वरचंही. तिनं तो व्हिडिओ चालू केला.

महिनाभराचं काम धावत सुटलं. कपाट उभं राहिलं, साड्या पांढऱ्या झाल्या, सहा जणी एकामागून एक आल्या. मग सातव्या जागी एक वीस वर्षांची मुलगी आली, गाल भरलेले, डोळे खाली. क्षणभर दिसली आणि पांढऱ्याखाली गेली. संघमित्रानं तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. मग आली जागरणानं डोळे ओढलेली, केसांना तेल थापलेली. मग ओठ घट्ट मिटलेली.

"हे मी दहावीत नापास झाली तेव्हाची," संघमित्रा म्हणाली. चंपतरावांनी फडक्यातून तोंड वर काढलं.

चष्मा नाकावर घसरलेली, सुईत दोरा ओवणारी आली. दाढ काढल्यावर तोंडावर हात धरून हसणारी आली. डोक्याला रुमाल बांधलेली आली, शेवटच्या हिवाळ्यातली, तिच्यावर पांढरा फिरायला बराच वेळ लागला होता. एक एक चेहरा येत होता आणि जात होता, आणि त्यातला एकही परका नव्हता. बापलेक एकमेकांकडे न पाहता पाहत राहिले. आई कोणत्या वर्षी कशी दिसायची हे या माणसाला इतकं पाठ आहे, हे लेकीला आज कळलं, आणि त्याला स्वतःलाही.

शेवटून दुसरा चेहरा आला तेव्हा तिनं चित्र थांबवलं. हनुवटी वर केलेली, कपाळाला आठी, डोळे सरळ वर लागलेले, थोडी चिडलेली. हा चेहरा तिला माहीत नव्हता.

"ही कवाची, बाबा?"

"भिंत रंगवून राहिलो होतो तवाची. शिडी डुगडुगे. ती खाली शिडी धरून उभी राहे, अन् वर पाहे."

"कावून?"

"मी पडतो का काय, ते पाहे."

मग संघमित्रानं सांगितलं, की या व्हिडिओतून चेहरा उचलून लावता येणार नाही, पुन्हा काढावा लागेल. चंपतरावांनी डोळे पुसले, फडकं खांद्यावर टाकलं आणि पेन हातात घेतलं. अर्ध्या तासात सत्यशीला उभी राहिली. एक हात पुस्तकावर, मान वर. ते मान मागे घेऊन पाहत राहिले, आणि जाड्या ब्रशकडे त्यांचा हात गेला नाही.

पॅनल लागलं त्या दिवशी हॉल भरला होता. धम्मपाल जवळ जाऊन, मागे येऊन, पुन्हा जवळ जाऊन पाहत होता. सहा जणी समोर पाहतात, काकू तेवढ्या वर पाहतात, आणि वर तर काहीच नाही, नुसती भिंत. त्यानं हळूच विचारलं, काका, चुकून झालं असेल तर सांगा, आता तर संगणकाचं काम आहे, दोन मिनिटांत काकूंची मान सरळ करून नवीन छापून आणतो.

"राहू दे," चंपतराव म्हणाले. "ती मले पाहून राहिली."