खिळ्यावरचा चिमटा

धाकटे साहेब आता साठीला टेकले आहेत. थोरले साहेब, म्हणजे त्यांचे वडील, जाऊन वीस वर्षं झाली, तरी यांना थोरलं म्हणायला कारखान्यात कोणी तयार नाही. कारखाना शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा. त्याला साठ वर्षं झाली तेव्हा एक पुस्तिका काढायचं ठरलं. पुस्तिकेतलं सर्वांत अभिमानाचं प्रकरण लिहायला धाकटे साहेब स्वतः बसले आणि तीन आठवडे बसूनच राहिले.

प्रकरण होतं खिळ्याचं. शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी धरून ठेवणारा चिमटा दिसतो साधा, पण त्याचा एक पाय दुसऱ्या पायाच्या खाचेतून आरपार गेलेला असतो. तो सांधा हातानंच बसवावा लागतो. सांधा केसभर ढिला राहिला तर चिमटा पकडतो आणि ऐन वेळी सोडून देतो. म्हणून प्रत्येक कारागीर सांध्याच्या आत आपल्या खुणेचे ठिपके मारी. एखाद्या दवाखान्यातून नग परत आला की भिंगाखाली ठिपके बघायचे आणि ज्याचा नग त्याच्या टेबलावरच्या खिळ्याला तो वर्षभर टांगायचा. दंड नाही, ओरडा नाही. थोरले साहेब म्हणत, "ओरडा माणूस जेवणाच्या सुट्टीत विसरतो. खिळा जेवताना पण दिसतो."

धाकट्या साहेबांनी हे सगळं सुरेख लिहिलं होतं. पुढचं वाक्य होतं, 'एकदा तर आमच्या सर्वांत निष्णात कारागिराचा नगही खिळ्यावर लागला.' तिथं गाडी अडली.

"बाबा, छापखानेवाला आता मला ताई म्हणायचं सोडून मॅडम म्हणायला लागलाय," त्यांची मुलगी म्हणाली. "किती राहिलंय?"

"एक वाक्य अडलंय."

"मग काढून टाका."

"ते छत्तीस वर्षांपूर्वी काढायला हवं होतं," धाकटे साहेब म्हणाले. मुलीनं शहाणपणानं पुढं विचारलं नाही.

छत्तीस वर्षांपूर्वी ते कॉलेजातून नुकतेच आले होते, म्हणजे त्यांना सगळं येत होतं. तो निष्णात कारागीर म्हणजे मास्तर. मास्तर दोन दिवस रजेवर गेले आणि त्यांच्या वाटचे अकरा चिमटे बसवायचे राहिले. माल दुसऱ्या दिवशी जायचा होता. मालकाच्या मुलानं बाह्या सरसावल्या आणि अकराच्या अकरा बसवले. ठिपक्यांशिवाय तपासणीवाला नग पुढं जाऊ देत नसे आणि याच्याकडे स्वतःची खूण नव्हती. त्यानं मास्तरांची मारली: तीन ठिपके, तिरके. दहा चिमटे चांगले निघाले, हे सांगायला ते आजही विसरत नाहीत. अकरावा चार महिन्यांनी परत आला. सोबत सर्जनचं पत्र होतं. शस्त्रक्रिया चालू असताना चिमटा निसटला, रुग्ण सुखरूप आहे, 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.'

तो मास्तरांच्या खिळ्यावर लागला. त्याच वर्षी फोरमनची जागा रिकामी झाली. खिळ्यावर नग असलेल्याला बढती नाही, असा नियमच होता. फोरमन दुसराच झाला आणि मास्तर पुढं निवृत्त झाले ते कारागीर म्हणूनच. धाकटे साहेब त्या काळात रोज त्या टेबलाशेजारून जात आणि रोज त्यांना भिंतीवरचं घड्याळ बघायचं असे. घड्याळ दुसऱ्या भिंतीवर होतं.

आता एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या नावावर तेच पुन्हा छापायचं, की त्याला जाऊन खरं सांगायचं? एका सकाळी ते मास्तरांच्या घरी गेले.

"मास्तर, तो नग तुमचा नव्हता."

"कुठला?" मास्तर म्हणाले, जणू असे डझनभर होते.

"खिळ्यावरचा. मी बसवला होता. ठिपके तुमचे मारले."

मास्तरांनी आत हाक मारली, "अगं, तो चिमटा आण." मग पाहुण्याला म्हणाले, "बस." कारखान्यात त्यांनी याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

काकूंनी शिवणाच्या डब्यातून चिमटा आणला.

"बघ ठिपके. कुठं झुकलेत?"

"उजवीकडे."

"आणि मी?"

मास्तर डावखुरे. आख्ख्या कारखान्यात त्यांचाच नग आवळून धरायचा शेगडा टेबलाच्या डाव्या अंगाला होता, असंच काहीतरी धाकटे साहेब पुटपुटले.

"अरे, माझे ठिपके डावीकडे पडतात. नग परत आला त्याच दिवशी पाहिलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो ना. तुझ्या वडिलांना दाखवला. त्यांनी भिंग लावलं, भिंग पुसलं, परत लावलं. मग म्हणाले, 'मास्तर, मुलाच्या टेबलावर खिळा कुठंय?'" मास्तरांनी चिमट्याची उघडझाप केली. "खरंच नव्हता. कोणी ठोकलाच नव्हता."

धाकटे साहेब स्वतःच्या मोज्यांकडे बघत राहिले. एका मोज्याला भोक होतं, तेवढाच आधार.

"नाडी ओवायला घेते मी तो," काकू म्हणाल्या. "पण मेला अर्ध्या वाटेत सोडून देतो."

"द्या काकू, दुरुस्त करून आणतो."

"काही नको," मास्तर म्हणाले. "दुरुस्त केलास तर खिळ्यावर काय लावशील? आणि पुस्तिकेत मला निष्णात वगैरे लिहू नकोस. तेव्हा फोरमन केलं असतं तर चाललं असतं."

धाकट्या साहेबांनी आपल्या खुर्चीमागच्या भिंतीत खिळा ठोकला. स्वतः ठोकला, त्यामुळं पहिले दोन वाकले. पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना जमवून, अडलेलं वाक्य खरं करून वाचून दाखवलं. शेवटी पॉलिशवाला म्हातारा एवढंच म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुम्ही विसरलात."

काकूंना नवा चिमटा पोचला. तो धाकट्या साहेबांनी नाही, फोरमननं बसवलेला आहे.

नियमाप्रमाणे वर्ष संपल्यावर नग उतरवून घरी न्यायचा असतो. वर्ष गेल्या महिन्यात संपलं, चिमटा अजून तिथंच आहे. भेटायला येणारी माणसं तो बघून हमखास विचारतात, "वा! कारखान्याचा पहिला नग का हो हा?"

चहा यायला आठेक मिनिटं लागतात. तेवढ्यात सगळं सांगून होतं.